इथे जन्मलेली सगळी बाळं

फोन आला तेव्हा धाकट्या सुनेचे हात साबणात होते, म्हणून तिनं कोपरानंच स्पीकर चालू केला. त्यामुळे ते बोलणं सगळ्या घरानं ऐकलं.

“प्रसूतिगृहातून बोलतेय,” पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. “आपल्या दवाखान्याला दहा वर्षं होतायत ना, म्हणून मॅडमनी इथे जन्मलेल्या सगळ्या बाळांचा मेळावा ठेवलाय. रविवारी बाळाला घेऊन यायचं हं. फोटो आहेत, खेळणी आहेत, सुदृढ बाळाचं बक्षीस आहे.”

धाकटीचा मुलगा, दीड वर्षाचा गुंड्या, तिच्या पायाशी पातेलं बडवत होता. बक्षीस मिळण्यासारखाच होता तो. धाकटीचा चेहरा फुलला, पण लगेच तिची नजर दाराकडे गेली.

“आमच्या घरातली दोन आहेत,” ती म्हणाली. “माझा मुलगा आणि माझ्या जावेची मुलगी. ती पण तुमच्याकडचीच.”

“नाव सांगा.”

धाकटीनं सांगितलं. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“हां... त्यांचं मॅडमना विचारून सांगते हं,” मुलगी म्हणाली आणि फोन बंद झाला.

दाराशी मोठी जाऊ आपल्या मुलीला मांडीवर घेऊन भरवत बसली होती. मुलगी साडेतीन वर्षांची. तिला भरवायचं म्हणजे अर्धा चमचा पातळ घास, हनुवटीला बोटाचा आधार, आणि मग ती गिळेपर्यंत वाट बघायची. घाई केली की ठसका. मोठीनं चमचा वाटीत ठेवला.

“सगळ्या बाळांचा मेळावा,” ती म्हणाली, “आणि माझीचं विचारून सांगते!”

या मोठीला सगळे मास्तरीण म्हणत. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. गाडीच्या कपाळावर ‘शिकाऊ’ अशी मोठी पाटी, शेजारच्या सीटपुढे पायाशी मास्तरणीसाठी जादा ब्रेक, आणि त्या सीटवर ती. निवृत्त झालेले काका, नव्यानं नोकरीला लागलेल्या मुली, हात थरथरणारे जावई असे सगळे तिच्या हाताखालून गेले होते. तिच्या ओरडण्यानं लाल दिवासुद्धा हिरवा होतो, असं तिचेच विद्यार्थी म्हणायचे. कुणावर रागावली तरी गाडीतून उतरताना राग गाडीतच ठेवून यायची. या एकाच गोष्टीचा राग मात्र तिला कुठे ठेवता आला नव्हता.

मुलीचं नाव भिंगरी पडलं ते जन्माच्या आधीच. पोटात ती इतकी फिरायची की दर तपासणीला डोकं एकीकडे आणि पाय भलतीकडे. फ्रिज दुरुस्तीची कामं करणारा तिचा बाप बायकोच्या पोटावर हात ठेवून म्हणायचा, “ही भिंगरी घरात आली की आपली खैर नाही.” शेवटच्या तपासणीतसुद्धा सगळं ठणठणीत होतं. खुद्द डॉक्टर मॅडमच म्हणाल्या होत्या, “अगदी नमुनेदार बाळ आहे.”

कळा सुरू झाल्या त्या पहाटे. सकाळी मॅडम एकदा येऊन बघून गेल्या. “छान चाललंय,” म्हणाल्या. मग गावाच्या दुसऱ्या टोकाला एका मैत्रिणीच्या नव्या दवाखान्याची फीत कापायला निघून गेल्या. हे मास्तरणीला नंतर कळलं. त्या वेळी तिला एवढंच दिसत होतं की खोलीत एक सिस्टर आहे, एक आया आहे आणि डॉक्टर नाही. कळा वाढाव्यात म्हणून सलाइनमधून औषध चालू होतं. कळा अशा येऊ लागल्या की एक संपायच्या आत दुसरी. दुपारी पाणी गेलं ते हिरवट. सिस्टरनं पोटावर यंत्र ठेवून ठोके ऐकले, पुन्हा ऐकले, आणि तिचा चेहरा उतरला.

“काय झालं?” मास्तरणीनं विचारलं.

“काही नाही. ठोके जरा मंद वाटतात. मॅडमना फोन करते.”

“मंद म्हणजे काय? ऑपरेशन करा ना मग!”

“मॅडम आल्याशिवाय मी कशी करणार, ताई?”

मॅडम येत होत्या. फोन केला की येतच होत्या. निघालेच म्हणायच्या, रस्त्यातच आहे म्हणायच्या. तोवर आयानं मास्तरणीच्या पोटावर दोन्ही हातांनी भार टाकला आणि “जोर लाव, जोर लाव” करत राहिली. मास्तरणीच्या तोंडून किंकाळी फुटली तेव्हा आया म्हणाली, “एवढं ओरडायला काय झालं? जगाच्या पाठीवर सगळ्याच बाळंत होतात.”

मॅडम आल्या त्या रेशमी साडीत. हात धुतले, बाळाच्या डोक्याला हवेनं चिकटणारी वाटी लावून ओढलं. वाटी निसटली, पुन्हा लावली. बाळ बाहेर आलं ते निळसर, लुळं आणि मुकं. रडलंच नाही. कुणीतरी तोंडावर पिशवी दाबून हवा भरत होतं आणि खोलीतलं कुणीही मास्तरणीकडे बघत नव्हतं. ज्या खोलीत सगळे तुमची नजर टाळतात, तिथे कुणी काही सांगायची गरज उरत नाही.

मोठ्या हॉस्पिटलात नेल्यावर बाळाला झटके आले. तिथले मुलांचे डॉक्टर हळू बोलणारे होते. मेंदूचा फोटो काढल्यावर त्यांनी नवराबायकोला समोर बसवलं.

“मेंदूला प्राणवायू कमी पडलाय. अशा सगळ्याच मुलांचा दोष जन्माच्या वेळचा नसतो, पुष्कळदा कारण आधीचं असतं आणि कधी सापडतही नाही. पण तुमचं बाळ आदल्या तपासणीपर्यंत चांगलं होतं, आणि फोटोत जे दिसतंय ते ताजं आहे. हे जन्मताना झालंय.”

“वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “बहुधा आपण आज इथे बसलो नसतो,” ते म्हणाले.

त्यानंतर मास्तरीण मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन आली. एकदा नाही, अनेकदा. प्रत्येक वेळी मॅडमनी पाणी विचारलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, “देवाची मर्जी. आपल्या हातात काय असतं?” फीत कापायला गेलेल्या बाईचा हात कात्रीवर होता, आणि दोष मात्र देवाच्या हाताला! मास्तरणीनं वैद्यक मंडळाकडे तक्रार केली. कागदोपत्री डॉक्टर पूर्ण वेळ हजर होत्या. त्या नव्हत्या असं सांगणारं कुणी पुढे आलं नाही, सिस्टर नोकरी सोडून गेली होती, आणि तक्रार बंद झाली.

याच्यावर कडी केली ती घरानं. बाळ मोठ्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतं तेव्हा मॅडमनी सासूबाईंना बाजूला घेऊन कानात सांगितलं होतं, “तुमची सून शेवटपर्यंत गाडी शिकवत होती ना? धक्के बसले असणार.” झालं! सासूबाईंना ते धक्के पुरले. शेजारीण आली की धक्के, पाहुणे आले की धक्के. “पोटुशी बाईनं घरात बसावं, पण आमच्याकडे ऐकतंय कोण?” दुसऱ्या सुनेचं बाळंतपणही त्याच दवाखान्यात करायचं सासूबाईंनीच ठरवलं. मास्तरणीनं आकांडतांडव केलं, पण व्यर्थ. “डॉक्टरचा दोष नव्हता, मग दवाखाना का बदलायचा?” असा बिनतोड सवाल होता त्यांचा.

त्यामुळे आता तो फोन झाल्यावर घरात कुणाला तोंड वर करवेना. दवाखान्यातून पुन्हा फोन आला नाही तो नाहीच.

“मी जातच नाही,” धाकटी म्हणाली. “काय करायचीत त्यांची खेळणी?”

“तू जायचंस,” मास्तरीण म्हणाली. “तुझ्या पोरानं काय घोडं मारलंय? आणि मी पण येणार. भिंगरीला घेऊन.”

नवऱ्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. “बोलावलं नाही तिथे कशाला जायचं? उगाच जखमेवर मीठ.”

“जखम माझी आहे. मीठही मीच चोळीन.”

“सगळे बघतील गं तिच्याकडे.”

“बघू देत की! बघायलाच नेतेय मी तिला. इथे जन्मलेली सगळी बाळं म्हणाल्या ना? मग सगळी म्हणजे सगळी.”

नवऱ्यानं पेचकस पुन्हा उचलला. त्याला बायकोपेक्षा कमी राग होता असं नाही. पण त्याचा राग बर्फासारखा होता, आतल्या आत गोठलेला. रविवारी सकाळी त्यानं भिंगरीला बांधून बसवायच्या पट्ट्यांच्या खुर्चीची चाकं तेल घालून नीट केली, खुर्ची गाडीत चढवली, आणि “माझ्यानं तिथे बघवणार नाही,” म्हणून तो कामावर निघून गेला.

मास्तरणीनं शिकवायचीच गाडी काढली. पुढे सासूबाई, मागे धाकटी, गुंड्या आणि भिंगरी. सासूबाईंना नातवाच्या बक्षिसाची हौस होती. मोठी सून का येतेय हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

सभागृहात फुगे होते, गाणी होती आणि एका भिंतीवर बाळांचे फोटोच फोटो. गोबरे गाल, बिनदाताचं हसू. दारातल्या मुलीनं गुंड्याच्या छातीवर कागदी फूल लावलं आणि भिंगरीची खुर्ची बघून तिचा हात तसाच राहिला. तो गोड आवाज हिचाच होता.

“तुम्ही... तुम्ही जरा मागे बसता का? पुढे आवाज फार आहे, बाळाला त्रास होईल.”

“तिला आवाज आवडतो,” मास्तरीण म्हणाली. “फूल लावा.”

मुलीनं फूल लावलं. भिंगरीची मान एका बाजूला कललेली होती, पण फुगे दिसताच तिनं घशातून तिचा तो लांब, चढता सूर काढला. तो तिच्या आनंदाचा सूर होता, घरच्यांनाच कळे. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं आपलं बाळ उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं. जणू भिंगरीपासून काही लागण होणार होती.

कार्यक्रम सुरू झाला. माइकवाला एकेका बाळाला वर बोलवायचा, मॅडम खेळणं द्यायच्या, फोटो निघायचा, आणि माइकवाला आईला विचारायचा, “कसा होता अनुभव?” बायका लाजत म्हणायच्या, “छान. मॅडम अगदी आईसारख्या.” टाळ्या. मास्तरणीच्या कानशिलावरची शीर उडू लागली. हिला आईसारखं वागायचंच होतं तर त्या दुपारी वागायला काय हरकत होती?

गुंड्याचं नाव पुकारलं गेलं. धाकटी त्याला कडेवर घेऊन वर गेली. ही धाकटी म्हणजे घरातली मुकी गाय. दुकानदारानं सुटे कमी दिले तरी न बोलता येणारी. माइक पुढे आला तशी ती गांगरली.

“माझं सगळं छान झालं,” ती म्हणाली. “दुपारी बाळाचे ठोके कमी झाले, तर मॅडमनी लगेच ऑपरेशनला घेतलं. त्या दिवशी मॅडम कुठे गेल्याच नाहीत. जेवायलासुद्धा नाही.”

टाळ्या पडल्या. माइकवाला पुढच्या नावाकडे वळला. पण धाकटीनं माइक सोडला नव्हता. ती मॅडमकडे बघत होती, कपाळाला आठी घालून, गणित चुकल्यासारखी.

“म्हणजे ठोके कमी झाले की काय करायचं हे तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. “मग माझ्या जाऊबाईंच्या वेळी का नाही केलंत?”

सभागृहात फुग्यांचा एकमेकांवर घासण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मास्तरीण उठली. खुर्ची पायऱ्यांवरून चढणार नव्हती. तिनं पट्टे सोडले, भिंगरीला उचलून छातीशी धरलं आणि ती वर गेली. साडेतीन वर्षांचं मूल, पण ताठ झालं की लाकडासारखं जड होतं.

“ही पण इथलीच,” ती म्हणाली. “तुम्ही हिला बोलवायचं विसरलात. घ्या फोटोत.”

मॅडमचं हसू चेहऱ्यावर होतं, फक्त डोळ्यांत नव्हतं. “आज आनंदाचा कार्यक्रम आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “आपण आत बसून बोलू या.”

“आत बोलून बोलून माझ्या चपला झिजल्या. आत तुम्ही देवाचं नाव घेता. इथे घ्या ना, सगळ्यांसमोर! सांगा, त्या दुपारी देव कुठे होता आणि तुम्ही कुठे होतात?”

मॅडमनी धाकटीच्या हातून माइक काढून घेतला. आवाज अगदी शांत, समजावणारा. “मला कुणालाही दुखवायचं नाही. पण गैरसमज नको म्हणून सांगते, या बाई अगदी शेवटपर्यंत गाडी शिकवायला जात होत्या. मी बजावूनही. धक्क्यांनी बाळाला काय काय होऊ शकतं, हे सगळ्या आयांनी लक्षात ठेवायला हवं.”

हे ऐकून मास्तरणीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. एवढी दिवसाढवळ्या चोरी, आणि वर शेकडो लोकांना उपदेश! तिनं खाली पहिल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. काही मागायचं म्हणून नाही. धक्क्यांची गोष्ट शेवटी त्यांचीच होती, म्हणून.

सासूबाई उभ्या राहिल्या. मांडीवरची पिशवी खाली पडली ती त्यांनी उचलली नाही.

“सातव्यातच सोडली होती गाडी तिनं,” त्या म्हणाल्या. “मीच सोडायला लावली. भांडून.”

मग त्या थांबल्या. आपण काय बोललो ते आपल्यालाच आत्ता ऐकू आल्यासारख्या.

“मग धक्के कुठले?” त्यांनी विचारलं. मॅडमना विचारलं की स्वतःला, ते कळलं नाही. आवाज मात्र चढत गेला. “कुठले धक्के हो? दोन महिने पोर घरात होती! आणि तुम्ही नव्हतात. मी दाराबाहेर उभी होते. ती सिस्टर फोन करून करून रडकुंडीला आली होती. नटूनथटून आलात तुम्ही, सगळं हाताबाहेर गेल्यावर!”

मागच्या रांगेतली एक गरोदर बाई उठली, नवऱ्याचा हात धरला आणि बाहेर पडली. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला, मॅडमकडे पाहिलं आणि खाली केला. पण लोकांचे मोबाइल वर झाले होते. भिंगरीला तेवढ्या दिव्यांची गंमत वाटली असावी. तिनं पुन्हा सूर लावला. या खेपेला कुणी मूल उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं नाही. काहीजण रडत होते. रडण्यानं कुणाचं काय जातं, असं मास्तरणीच्या मनात आलं आणि ती खाली उतरली.

परत येताना पुढे सासूबाईच बसल्या होत्या. गुंड्या झोपला होता.

“आई, हे तेव्हा का नाही बोललात?” मास्तरणीनं रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं. “मंडळासमोर मी एकटी उभी होते. तुम्ही घरात बसून माझ्या नावानं खडे फोडत होतात.”

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. “डॉक्टर सांगतेय म्हणजे खरंच असेल, असं वाटलं.” पुष्कळ पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, “आणि दाराशी उभी होते ना मी. आत शिरून आरडाओरडा करायला हवा होता. केला नाही. तुझ्यावर ढकललं की त्याचा विचार करावा लागत नसे.”

मास्तरणीनं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि पहिल्यांदाच, माणसं बघताहेत की नाही याची पर्वा न करता, ती मोठ्यानं रडली. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तेवढा हक्क आपण गमावलाय हे त्यांना कळत असावं.

मोबाइलवरचं ते चित्रण गावभर फिरलं. ते बघून नोकरी सोडून गेलेल्या सिस्टरनं स्वतःच फोन केला. “मी सांगायला येते,” म्हणाली. तक्रार पुन्हा उघडली. या वेळी सासूबाई मंडळासमोर गेल्या, सिस्टरही गेली. चौकशी रेंगाळली, तारखा पडल्या. मॅडमच्या वकिलानं म्हातारीची भंबेरी उडवायचा प्रयत्न केला. “तुम्हाला नीट ऐकू येतं का आजी?” तो म्हणाला. “तू मनात शिव्या देतोयस तेसुद्धा ऐकू येतंय,” सासूबाई म्हणाल्या.

शेवटी निकाल लागला. डॉक्टर जागेवर नव्हत्या, मदतीला उशीर झाला आणि त्यामुळे बाळाला इजा झाली, असं मंडळानं मान्य केलं. मॅडमना काही महिने काम करायला बंदी झाली. कळा देणारी बाई खोलीत असताना डॉक्टरनं दवाखाना सोडायचा नाही, अशी सक्त ताकीद त्या प्रसूतिगृहाला मिळाली.

“झालं गं बाई एकदाचं,” नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“काय झालं?” मास्तरीण उसळली. “तिला काही महिने आणि हिला जन्मभर! ताकीद कसली देतायत? बाई कळा देतेय तिथे डॉक्टरनं थांबायचं, हे काय कुणी सांगायला लागतं? आणि ते सांगायला माझी पोर खर्ची पडावी लागते?”

भिंगरीचे व्यायाम, झटक्यांचं औषध, अर्ध्या चमच्याचे घास, सगळं तसंच चालू राहिलं. ती बसायला शिकेल की नाही हे अजून कुणी सांगत नव्हतं. मास्तरणीनं सासूबाईंना माफ केलं, असंही नाही. त्यांच्याशी ती बोलायची, त्यांची औषधं आणायची. पण कधी कधी ताट वाढताना हात मध्येच थांबायचा आणि तिला खोलीबाहेर जावं लागायचं.

सासूबाई ते बघायच्या आणि उरलेलं ताट स्वतःच वाढून घ्यायच्या. परवा नवी शेजारीण ओळख करून घ्यायला आली, भिंगरीच्या गालाला हात लावून हळहळली आणि म्हणाली, “बिचारीचं नशीब हो, दुसरं काय!”

सासूबाई जागच्या उठल्या.

“नशीब कसलं?” त्या म्हणाल्या. “डॉक्टर जागेवर नव्हती. बसा, सांगते सगळं.”